बाटलीतली लस आणि चाचणीतली लस

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका मुलीचं बाळ येत्या आठवड्यात दीड महिन्याचं होतंय. परवा तिने मला जिन्यात थांबवलं. "काकू, महापालिकेच्या दवाखान्यात पेंटाव्हॅलंट, म्हणजे डांग्या खोकला, धनुर्वात अशा पाच आजारांवरची एकत्र लस, फुकट मिळते. पण सासूबाईंना कोणीतरी सांगितलंय की फुकटच्या लसी कोणी तपासत नाही. खाजगी डॉक्टरांकडे जाऊ का? आणि मुळात लोकांना देण्याआधी या लसींचं काय काय तपासतात?"

जिन्यात उभ्याउभ्या सांगून संपेल असं हे उत्तर नाही, म्हणून लिहून देते आहे. मी एकतीस वर्षं लसींच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काढली. जिथे काम केलं त्या कारखान्याचं नाव इथे घेत नाही, पण पुढे जे सांगते आहे ते हाताखालून गेलेलं आहे.

अगं, आधी फुकट आणि विकतचं. आपल्या देशात माणसांना द्यायच्या लसीची प्रत्येक बॅच कारखान्यातल्या तपासण्या झाल्यावर सरकारी प्रयोगशाळेकडे जाते. ही मुख्य प्रयोगशाळा हिमाचलात कसौलीला आहे, केंद्रीय औषध प्रयोगशाळा. कारखाना नमुन्यांच्या बाटल्यांबरोबर त्या बॅचचा सगळा इतिहास पाठवतो. ते लोक कागद वाचतात, स्वतःच्या चाचण्या करतात आणि मग मंजुरी देतात. तोपर्यंत बॅच गोदामातून हलत नाही, मग ती महापालिकेला जायची असो की खाजगी दवाखान्याला. खाजगीत "न दुखणारी" म्हणून जी मिळते तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक भाग असतात. सरकारी लसीत तो अख्खा जंतू मारून घातलेला असतो. अख्ख्या जंतूच्या लसीने ताप आणि सूज थोडी जास्त येते, पण तिचं संरक्षण जास्त काळ टिकतं. यातली कुठली घ्यायची ते डॉक्टरांशी बोलून ठरव. तपासलेली आणि न तपासलेली असा मात्र हा फरक नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. त्यात खरं तर दोन प्रश्न आहेत आणि लोक ते नेहमी एकात एक घालतात. ही लस चांगली आहे का, हा पहिला. त्याचं उत्तर माणसांवरच्या चाचण्या देतात, तेही एकदाच. जी लस चांगली ठरली तीच आज या बाटलीत आहे का, हा दुसरा. तो रोज नव्याने विचारावा लागतो, प्रत्येक बॅचला, लस पन्नास वर्षं जुनी असली तरी. माझं सगळं आयुष्य या दुसऱ्या प्रश्नात गेलं.

पहिल्या प्रश्नाच्या इतिहासातलं एक मोठं पान आपल्याच शहरात लिहिलं गेलं असं मी अभिमानाने सांगते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग पोचला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही, आणि दोन्हींकडे किती जण आजारी पडले ते मोजलं. आज कैद्यांवर अशी चाचणी कोणी घाईने करू देणार नाही. नैतिकता समिती लागते, समजावून सांगून घेतलेली लेखी संमती लागते, चाचणी सुरू होण्याआधी तिची सरकारी नोंद करावी लागते. पण टोचलेले आणि न टोचलेले शेजारीशेजारी ठेवून मोजायचं, ही मूळ कल्पना तीच राहिली आहे.

आता क्रम असा असतो. आधी प्राणी. मग पहिल्या टप्प्यात काही डझन निरोगी प्रौढ, ज्यांच्यात मुख्यतः सुरक्षितता पाहतात. दुसऱ्या टप्प्यात काहीशे माणसं, डोस किती आणि किती अंतराने ते ठरवायला. तिसऱ्या टप्प्यात हजारो. लस बाळांसाठी असली तरी सुरुवात मोठ्यांपासून करून पायरी पायरीने लहान वयाकडे यायचं. कोणाला लस मिळाली आणि कोणाला दुसरं काही, हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं आणि नंतर त्याला तपासणाऱ्यालाही. कोविडच्या वेळी कोव्हिशील्डच्या भारतातल्या चाचणीत १,६०० स्वयंसेवक होते. त्यातले काही आपल्या केईएम आणि नायर रुग्णालयांत टोचून घ्यायला गेले होते. तशा अनिश्चित दिवसांत दंड पुढे करणाऱ्या त्या लोकांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

हजारो माणसं कशाला लागतात, हे एका लसीने जगाला शिकवलं. १९९८ साली अमेरिकेत रोटाव्हायरसच्या जुलाबांवर रोटाशील्ड नावाची लस आली. परवान्याआधी ती दहा हजारांच्या आसपास बाळांना देऊन पाहिली होती. बाजारात आल्यावर काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरण्याचा प्रकार दिसला, साधारण दहा हजारांत एक. १९९९ मध्ये लस मागे घेतली. दहा हजारांत एकदा घडणारी गोष्ट दहा हजार बाळांत ठसठशीत दिसेलच असं नाही. एखादं उदाहरण दिसलं तरी ते लसीमुळे की योगायोगाने, हे सांगता येत नाही. त्यानंतरच्या दोन रोटाव्हायरस लसींची चाचणी म्हणून प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवर झाली. आपली रोटाव्हॅक ६,७९९ बाळांवर तपासली, दिल्ली, पुणे आणि वेल्लोरला, आणि ती वापरात आल्यावरही आतड्याच्या त्या त्रासावर रुग्णालयांतून लक्ष ठेवलं गेलं. परवाना मिळाला म्हणून पाहणं थांबत नाही, ते यासाठी.

तिसऱ्या टप्प्यातली एक गोष्ट बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. कंपनीला एकामागोमाग एक केलेल्या तीन बॅच वेगवेगळ्या गटांना देऊन तिन्हींनी सारखीच प्रतिकारशक्ती येते हे दाखवावं लागतं. इथेच पहिला प्रश्न संपतो आणि आमचा सुरू होतो.

कारण लस म्हणजे पॅरासिटामॉलची गोळी नाही. गोळीतलं रसायन आज केलं काय आणि उद्या केलं काय, रेणू तोच. लस जिवंत गोष्टींपासून होते. जंतू वाढवायचा, तो कधी जोमाने वाढतो, कधी रुसतो. त्यासाठी मूळ जंतूचा एक साठा करून गोठवून ठेवतात, त्यातून कामाचा साठा काढतात, आणि प्रत्येक बॅच त्या कामाच्या साठ्यापासूनच सुरू करतात. बॅचमधून पुढची बॅच करत गेलं तर जंतू हळूहळू बदलत जाईल. आजी जसं कालच्या दह्याचं विरजण आज लावते, तसं लसीत चालत नाही. दर वेळी पहिल्याच विरजणाकडे परत जावं लागतं.

मग विष मारण्याचा टप्पा येतो. धनुर्वाताचा जंतू जे विष तयार करतो त्याच्यावर फॉर्मालिनची क्रिया करून त्याचा विषारीपणा घालवतात, पण शरीराला ओळख पटेल इतका त्याचा आकार राखतात. विष खरंच मेलं का, हे पाहायला गिनीपिगला माणसाच्या निदान पाच डोसांइतका माल टोचून तीन आठवडे पाहत राहायचं. धनुर्वाताची किंचितही खूण दिसली तर सगळा माल फेकायचा. एवढ्यावरही भागत नाही. तोच माल ३७ अंशांवर सहा आठवडे ठेवून पुन्हा टोचतात, मेलेलं विष परत जागं तर होत नाही ना हे बघायला. १९५५ साली अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू राहून गेला होता. पेशींच्या गोळ्यांत लपलेल्या विषाणूपर्यंत फॉर्मालिन पोचलंच नव्हतं. सुमारे दोनशे जणांना लकवा झाला, दहा दगावले. आमच्या क्षेत्रात ही गोष्ट शिकवताना आवाज आपोआप खाली येतो.

बाळाच्या लसीच्या ताकदीची चाचणी सगळ्यात जिकिरीची. डांग्या खोकल्याच्या भागासाठी उंदरांना आधी लस देतात, मग दोन आठवड्यांनी जिवंत जंतू थेट मेंदूत टोचतात आणि किती उंदीर जगले ते मोजतात. शेजारी प्रमाणित संदर्भ लस दिलेले उंदीर ठेवायचे आणि दोन्हींची तुलना करायची. एका डोसमध्ये किमान चार आंतरराष्ट्रीय एकक यायला हवेत. ही चाचणी मला कधीच सोपी गेली नाही, नुसत्या आकड्यांमुळे नाही आणि नुसत्या उंदरांमुळेही नाही, दोन्हींमुळे. एकाच बॅचचा आकडा दोन वेळा पुष्कळ वेगळा येऊ शकतो. जिथे शक्य आहे तिथे आता प्राण्यांऐवजी प्रयोगशाळेतल्या काचनळीतल्या चाचण्या येत आहेत, याचं मला मनापासून समाधान आहे. पूर्वी ताप आणणारे अंश शोधायला ससे लागायचे. आता घोड्याच्या नालेसारख्या कवचाच्या एका समुद्री खेकड्याच्या निळ्या रक्तातून काढलेलं द्रव्य वापरतात. जंतूच्या कवचाचे अंश नमुन्यात असतील तर ते गोठतं.

आता निर्जंतुकतेची चाचणी. ही ऐकायला अगदी साधी आहे. भरलेल्या बाटल्यांतली लस दोन प्रकारच्या पोषक द्रावांत घालायची, एक ३० ते ३५ अंशांवर, दुसरं २० ते २५ अंशांवर, आणि चौदा दिवस पाहायचं. पहिल्या द्रावाच्या वरच्या टोकाला फिकट गुलाबी कडं असतं. तिथपर्यंत हवा पोचते, खाली नाही. म्हणून एकाच नळीत हवेतले आणि बिनहवेचे दोन्ही प्रकारचे जंतू वाढू शकतात. सकाळी नळी उजेडासमोर धरायची, हलकेच फिरवायची. द्राव काचेसारखा स्वच्छ असेल तर पुढची नळी.

पण नळी स्वच्छ आहे म्हणजे जंतू नाहीत, की जंतूंना वाढूच दिलं नाही? पेंटाव्हॅलंटच्या बाटलीत थायोमर्सल असतं, जंतूंना रोखण्यासाठीच घातलेलं. ते नळीत उतरलं तर तिथेही जंतूंना रोखेल आणि घाणेरडी लस पास होईल. त्यासाठी थायोमर्सलला निष्प्रभ करणारा द्राव वापरायचा. वर शंभरपेक्षा कमी जंतू मुद्दाम सोडून तेवढे थोडे जंतूही या नळीत वाढतात हे सिद्ध करायचं. ते वाढले नाहीत, तर स्वच्छ दिसणाऱ्या बाकीच्या सगळ्या नळ्यांना काही अर्थ नाही. नव्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. पास झालेल्या चाचणीवर जास्त संशय घ्या.

आणि आता जे सांगते ते ऐकून घाबरू नकोस, शेवटपर्यंत वाच. तपासलेली बाटली कोणाला टोचता येत नाही, ती फुटली. म्हणून बॅच हजार बाटल्यांहून मोठी असेल तर वीस बाटल्या तपासायच्या असा दंडक आहे. समज, एक लाख बाटल्यांच्या बॅचमध्ये हजारात एक बाटली दूषित आहे, म्हणजे शंभर बाटल्या खराब. यदृच्छेने काढलेल्या वीस बाटल्यांत त्यातली एखादी तरी सापडण्याची शक्यता किती? जेमतेम दोन टक्के. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा ती बॅच पास होईल.

म्हणजे ज्या चाचणीवर लोकांचा सगळ्यात जास्त भरवसा, ती एकटी फारच दुबळी आहे. लस निर्जंतुक असते ती चाचणीमुळे नाही, ती तशी बनवली जाते म्हणून. भरण्याच्या खोलीत, बाटली जिथे उघडी असते तिथे, हवेच्या एका घनमीटरमध्ये अर्ध्या मायक्रॉनपेक्षा मोठे ३,५२० हून जास्त कण चालत नाहीत, आणि ते भरताना सतत मोजतात. काम संपवून बाहेर पडताना प्रत्येकाने पाची बोटांचे ठसे पोषक थाळीवर द्यायचे. त्यावर एकही जंतू उगवता कामा नये. मुंबईत जून ते सप्टेंबर बुरशी उतास येते. कपडे बदलण्याच्या खोलीतल्या थाळ्यांवर हिरवे-काळे ठिपके दिसू लागले की आम्ही कॅलेंडर न बघता सांगायचो, पाऊस लागला.

आणि वर्षातून दोनदा खरी परीक्षा. लसीऐवजी जंतूंचं आवडतं पोषक द्राव हजारो बाटल्यांत भरायचं. तेच यंत्र, तीच माणसं, तेवढेच तास. मग त्या सगळ्या बाटल्या, वीस नाही, सगळ्या, चौदा दिवस उबेत ठेवायच्या. एका पावसाळ्यात आमच्या इथे नवव्या दिवशी एक बाटली गढूळ झाली. हजारोंतली एक. जंतू माणसाच्या त्वचेवरचा निघाला. त्या दिवसाचं चित्रीकरण काढून पाहिलं तर एका मुलाने अडकलेलं रबरी बूच सोडवायला उघड्या बाटल्यांवरून हात नेलेला दिसला, तीन-चार सेकंद. त्याला शिकवलेलं होतं. पण रात्रपाळी होती आणि यंत्र थांबवलं की वरिष्ठ कारण विचारायचे. ती लाइन बंद झाली, तीन वेळा पोषक द्रावाची परीक्षा पुन्हा निर्दोष पार पडेपर्यंत. माझ्या मते दोष त्या मुलाइतकाच "यंत्र का थांबवलंस" असं विचारणाऱ्यांचाही होता, आणि अहवालात मी तसं लिहिलं.

लिहून ठेवणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. त्याची किंमतही या शहराने मोजली आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेतल्या प्लेगच्या लसीच्या पाच बाटल्यांतून १०७ जणांना टोचलं. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले, सगळे एकाच बाटलीतले, क्रमांक ५३ एन. बाकीच्या चार बाटल्यांतल्या कोणाला काही झालं नाही. दोष परळवर आला, हाफकिन यांचं पद गेलं. पुढे पुराव्यांतून दिसलं की बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि सौम्य जंतुनाशकात नुसता बुडवून परत वापरला होता. त्यांच्यावरचा ठपका पुसायला १९०७ उजाडलं. शिकताना मी परळला गेले होते. १९२५ पासून त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. तिथे उभं राहून माझ्या मनात आलं होतं, बाटलीवर क्रमांक नसता तर हे कधीच सुटलं नसतं. आजही प्रत्येक बॅचच्या बाटल्या मुदत संपल्यानंतरही जपून ठेवतात, कुठून तक्रार आली तर उघडून बघता यावं म्हणून.

चूक अजिबात होत नाही असं मी तुला सांगणार नाही. २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका कंपनीच्या पोलिओ थेंबांत टाइप दोनचा विषाणू निघाला. तो प्रकार आपण एप्रिल २०१६ मध्येच वापरातून काढला होता. कारखाना आणि सरकारी तपासणी दोन्हींतून तो माल पुढे गेला होता. उत्तर प्रदेशातल्या शौचाच्या आणि सांडपाण्याच्या नमुन्यांत विषाणू दिसला तेव्हा ते उघड झालं आणि उत्पादन थांबवलं. मला त्या बातमीने झोप लागली नव्हती. पण सांडपाणी तपासणारं कोणीतरी आहे, ही त्यातलीच दुसरी बाजू. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा शोध २००१ पासून घेतात आणि ते काम परळलाच होतं.

राहिली थंडी. कसौलीची मंजुरी मिळालेली बॅचही वाटेत बिघडू शकते. २६ जुलै २००५ ला आमच्या जनरेटरच्या खोलीत पाणी शिरलं आणि एका शीतगृहाचा पारा आठ अंशांची मर्यादा ओलांडून तेराला टेकला. नंतर तपासलं तर लसीची ताकद शाबूत होती. तरी ती बाजारात सोडू नये असं मी लिहिलं. तेवढे तास तेरा अंशांत राहिलेल्या त्या लसीत मुदतीच्या शेवटच्या दिवशी किती ताकद उरेल, याचा पुरावा आमच्याकडे नव्हता. पुष्कळ माल जाळावा लागला. आजही मी तेच लिहीन.

पेंटाव्हॅलंटला उष्णतेइतकीच गोठण्याचीही भीती असते. गोठली की तिच्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात आणि लस पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. अशी बाटली हलवून ठेवली तर गाळ भराभर तळाला बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं. न गोठलेली कितीतरी वेळ दुधाळ राहते.

तेव्हा महापालिकेच्या दवाखान्यात निर्धास्त जा. बाटलीवर एक गोल छापलेला असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लसीने फार उष्णता सोसलेली नाही. चौकोन गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती बाटली घ्यायची नाही. बाटली आधीच उघडलेली असेल तर उघडल्याची तारीख लिहिलेली हवी. नीट थंडीत ठेवली असेल तर पेंटाव्हॅलंट अठ्ठावीस दिवस चालते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाचं तसं नाही, ती कालवल्यापासून चार तासांत संपवायची किंवा टाकायची. टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बस, आणि कार्डावर बॅच नंबर लिहिलाय ना ते बघून घे. सिस्टरना म्हण, मला बाटलीवरचा चौकोन बघायचाय. त्या दाखवतील, त्यांनाही तो रोज बघावा लागतो.